विंटेज शर्यती मोटारगाडीची सत्यतानिश्चिती

शर्यतीत धावलेली म्हणून ज्ञात असलेली एखादी जुनी क्रीडा मोटारगाडी खरोखर तीच आहे किंवा काय, तिचा कोणता भाग कोणत्या काळातील आहे आणि तिच्या नावावर सांगितले जाणारे पराक्रम तिचेच आहेत की दुसऱ्या एखाद्या गाडीचे, हे पुराव्यांच्या आधारे ठरविणे म्हणजे तिची सत्यतानिश्चिती होय. नाण्याच्या किंवा ताम्रपटाच्या सत्यतेचा प्रश्न त्यामानाने सोपा असतो. कारण नाणे एकदा पाडले की ते झिजते, पण बदलत नाही. शर्यती मोटारगाडी मात्र तयार झाल्या दिवसापासून बदलत राहते. दोन शर्यतींच्या मधल्या काळात तिचे एंजिन काढून दुसरे बसविले जाते, वाकलेली चौकट टाकून नवी घातली जाते, नियम बदलले की तिचे बाह्यांगही बदलले जाते. म्हणून ‘ही गाडी तीच आहे का?’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा तज्ञांना, आणि क्वचित न्यायालयालाही, विस्ताराने द्यावे लागते.

संज्ञा : ‘विंटेज’ हा शब्द सैलपणे कोणत्याही जुन्या गाडीस लावला जातो. इंग्लंडमधील ‘व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब’ (स्थापना १९३४) या संस्थेच्या व्याख्येप्रमाणे मात्र १९३० च्या अखेरपर्यंत तयार झालेल्या गाड्याच या वर्गात मोडतात. १९०५ पूर्वीच्या गाड्यांना, म्हणजे लंडन-ब्रायटन या वार्षिक फेरीस पात्र असणाऱ्या गाड्यांना, ‘व्हेटेरन’ म्हणतात. १९३१ ते १९४० या काळातील निवडक दर्जेदार गाड्यांसाठी याच क्लबाने वेगळा वर्ग केला आहे. प्रस्तुत नोंदीत हा शब्द व्यापक अर्थाने, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या दोन दशकांतील शर्यती गाड्याही धरून, वापरला आहे; कारण पडताळणीच्या पद्धती दोहोंस सारख्याच लागू पडतात.

शर्यत संपल्यानंतर अशा गाडीस एके काळी फारशी किंमत नसे. मोसमाच्या शेवटी कारखाने त्या विकून टाकीत, एकीचे भाग दुसरीस लावीत किंवा भंगारात घालीत. १९७० नंतर संग्राहकांची मागणी वाढू लागली व १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस किंमती झपाट्याने चढल्या. १९५५ साली बांधलेली मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएलआर ‘ऊलेनहाउट कूपे’ ही गाडी मे २०२२ मध्ये १३·५ कोटी यूरो एवढ्या किंमतीस विकली गेली. ही गाडी शर्यतीत कधी धावलीच नव्हती. परंतु ती बांधल्यापासून विक्रीपर्यंत कारखान्याच्याच ताब्यात असल्याने तिच्या ओळखीविषयी कसलाही संशय नव्हता. बहुतेक शर्यती गाड्यांचे भाग्य असे नसते. जेथे एका क्रमांकाच्या ठशावर कोट्यवधींचा फरक पडतो, तेथे ठसा नव्याने मारण्याचा मोह होणारच.

क्रमांक व ठसे : तपासणीचा आरंभ सर्वसाधारणपणे क्रमांकांपासून होतो. गाडीच्या मूळ पोलादी चौकटीवर म्हणजे चॅसिसवर, एंजिनाच्या ओतीव पेटीवर, गिअरपेटीवर व मागील आसाच्या आवरणावर क्रमांक ठोकलेले असतात. शिवाय चालकाच्या पुढील पडदीवर पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पाटी रिव्हेटने बसविलेली असते. यांतील पाटी हा सर्वांत दुबळा पुरावा होय, कारण ती दोन मिनिटांत काढून दुसऱ्या गाडीस लावता येते. कारखान्यांच्या शर्यती पथकांनी हे स्वतःच वारंवार केलेले आहे. गाडी एका देशातून दुसऱ्या देशात नेताना जकात नाक्यावर दाखविण्याच्या परवान्यात तिचा क्रमांक लिहिलेला असे. ऐनवेळी ती गाडी नादुरुस्त झाली, तर तिची पाटी व नोंदणी क्रमांक दुसऱ्या गाडीस लावून पथक सीमा ओलांडीत असे. त्यात कोणास फसविण्याचा हेतू नसे, पण पन्नास वर्षांनंतर संशोधकाची मात्र चांगलीच फसगत होते.

चौकटीतील ठसा अधिक विश्वसनीय असतो. कारखान्यात वापरलेल्या छापांच्या अक्षरवळणाची, अंकांमधील अंतराची व ठशाच्या खोलीची तुलना त्याच मालिकेतील निर्विवाद गाड्यांशी करतात. कारागीर हाताने ठोकत असल्याने अंक किंचित वाकडेतिकडे असणे स्वाभाविक असते. अतिशय नेटका ठसाच पुष्कळदा संशयास्पद ठरतो. जुना अंक कानशीने घासून त्यावर नवा ठोकला असल्यास तोही शोधता येतो. ठसा मारताना त्याखालील धातूची स्फटिकरचना दाबली जाऊन विरूपित होते व हा परिणाम अंकाच्या दृश्य खोलीच्याही खाली जातो. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर योग्य अम्लयुक्त विद्राव लावल्यास विरूपित भाग व सभोवतालचा भाग निरनिराळ्या त्वरेने विरघळतात आणि पुसलेला अंक काही क्षण पुन्हा दिसू लागतो. गुन्हे अन्वेषणात चोरीच्या बंदुकांसाठी वापरली जाणारी ही पद्धत मोटारगाड्यांसही तशीच लागू पडते.

मोल्सेम (फ्रान्स) येथील बुगाटी कारखान्याच्या गाड्यांबाबत ही पडताळणी विशेष सूक्ष्म झाली आहे. तेथे गाडीच्या क्रमांकाखेरीज चौकट, गिअरपेटी, आस इत्यादींना जुळणीचे स्वतंत्र क्रमांक दिलेले असत. त्यामुळे आजच्या गाडीतील कोणता भाग मूळचा व कोणता दुसऱ्या बुगाटीतून आलेला, हे बऱ्याच अंशी सांगता येते. ‘जितक्या बांधल्या, त्यांपेक्षा अधिक आज शिल्लक आहेत’, असे बुगाटी शर्यती गाड्यांविषयी थट्टेने म्हटले जाते. एका गाडीची चौकट एकाने, एंजिन दुसऱ्याने व आस तिसऱ्याने घ्यायचा आणि प्रत्येकाने उरलेले भाग नव्याने बनवून संपूर्ण गाडी उभी करायची, हा त्यामागील मार्ग होय. ब्रिटनमधील जॅग्वार ‘डी’ प्रकारच्या गाडीत तर रचनेनेच ही सोय करून ठेवली होती. १९५५ पासून तिचा एंजिन वाहणारा पुढील सांगाडा मधल्या कवचास बोल्टांनी जोडलेला असे. पुढे या प्रकारातील एका गाडीचे पुढील सांगाडा व मधले कवच वेगळे होऊन दोन गाड्या तयार झाल्या आणि दोन्ही एकाच क्रमांकावर दावा सांगू लागल्या. अखेर दोन्ही एकाच मालकाकडे आल्यावर मूळ भाग पुन्हा एकत्र करण्यात आले.

सर्व भागांचे क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळावेत, अशी अपेक्षा सामान्य गाडीबाबत ठीक आहे. शर्यती गाडीबाबत ती ठेवणे बरोबर नाही. पथकाकडे एंजिनांचा साठा असे व शर्यतीगणिक ती बदलली जात. तीन मोसम कसून धावलेल्या गाडीत पहिलेच एंजिन असल्याचे सांगितले गेले, तर अनुभवी परीक्षकास समाधान वाटण्याऐवजी शंकाच येते.

शर्यतींचा पूर्वेतिहास : गाडीची ओळख पटली, तरी अमुक शर्यत तिनेच जिंकली हे त्यातून सिद्ध होत नाही. बोनेटवर रंगविलेला शर्यतीचा क्रमांक ही ओळख नव्हे. तो प्रत्येक शर्यतीत बदलतो. छापील कार्यक्रमपत्रिका आधी तयार होत असल्याने तिच्यात नोंदविलेल्या गाड्या असतात, प्रत्यक्ष धावलेल्या नव्हेत. म्हणून संयोजकांच्या तांत्रिक तपासणीच्या नोंदी, निकालपत्रके, पथकाच्या कार्यशाळेतील रोजनिशी व पत्रव्यवहार आणि समकालीन नियतकालिकांतील वृत्तांत यांचा मेळ घालावा लागतो. इंग्लंडमधील शर्यतींसाठी द ऑटोकार (१८९५ पासून) व मोटर स्पोर्ट (१९२४ पासून, आरंभीचे नाव ब्रूकलँड्‌स गॅझेट) यांचे जुने अंक अद्यापही मुख्य आधार आहेत. चालकांच्या आठवणी मात्र जपून वापराव्या लागतात. चालकाचे लक्ष वळणावर असते, चॅसिसच्या क्रमांकावर नव्हे.

छायाचित्रांचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. हाताने बनविलेल्या पत्र्याच्या दोन गाड्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात. बोनेटवरील हवेच्या झरोक्यांची संख्या, चामडी पट्ट्यांच्या बकलांच्या जागा, रिव्हेटांच्या ओळीतील चुकलेले अंतर, इंधनटाकीच्या तोटीचा कल, एखादा बुजविलेला पोचा अशा खुणा एका छायाचित्रातून दुसऱ्यात शोधीत गाडीचा प्रवास वर्षानुवर्षे मागे नेता येतो. पत्रा पुढे बदलला गेला असला, तरी त्याखालील चौकटीत बुजविलेली छिद्रे राहतात. त्या छिद्रांवरून पूर्वी तेथे कोणते उपकरण बसविले होते ते कळते व ते जुन्या छायाचित्राशी ताडून पाहता येते. खोटी गाडी बनविणारा छायाचित्रात दिसणारे सर्व काही करतो. छायाचित्रात न दिसणारे सहसा करीत नाही.

मालकीची साखळी हाही याच पुराव्याचा भाग होय. साखळीतील एखादा दुवा हरवला, तर त्या काळात गाडी कोठे होती हा प्रश्न शिल्लक राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील आउटो यूनियन कारखान्याच्या अनेक ग्रां प्री गाड्या सोव्हिएट संघात नेण्यात आल्या. तेथे त्यांतील बऱ्याचशा मोडून टाकल्या गेल्या व काहींचे सुटे भाग अनेक वर्षांनी बाहेर आले. अशा पार्श्वभूमीची ‘डी’ प्रकारची एक गाडी २००७ मध्ये पॅरिस येथे क्रिस्टीज या संस्थेच्या लिलावात यावयाची होती; परंतु तिच्या क्रमांकाच्या तपासातून पूर्वेतिहासाविषयी प्रश्न निर्माण झाल्याने ती विक्रीतून मागे घेण्यात आली. ती गाडी खोटी होती असे नव्हे. ती त्याच मालिकेतील कोणती गाडी होती आणि कोणत्या शर्यतीत धावली होती, एवढाच वाद होता. पण किंमत नेमकी त्यावरच अवलंबून होती.

तांत्रिक तपासणी : द्रव्य व घडण यांवरूनही काळ ठरविता येतो. फुलीच्या खाचेचे (फिलिप्स) स्क्रू १९३५ च्या सुमारास प्रचारात आले. १९२७ च्या गाडीत ते मूळचे असू शकत नाहीत. क्रोमियमचा मुलामा १९२५ नंतर रूढ झाला, त्यापूर्वी निकेलचा मुलामा देत. आर्‌गॉन वायूच्या आवरणाखाली केलेले वितळजोडकाम १९४० नंतरचे असते. जुन्या ब्रिटिश गाड्यांतील नट व बोल्ट व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्यांचे असतात. त्या ठिकाणी मेट्रिक आटे आढळल्यास तो भाग नंतरचा, हे पान्याच्या मापावरूनही समजते. रंगाचा सूक्ष्म काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे थर पाहिले असता शर्यतीचा मूळ रंग सर्वांत खाली सापडणे अपेक्षित असते. क्ष-किरण अनुस्फुरण पद्धतीने धातूला धक्का न लावता मिश्रधातूतील घटक ओळखता येतात.

बाह्यांगाची लाकडी चौकट, कापड, चामडे यांसाठी किरणोत्सर्गी कार्बनाची परीक्षा उपयोगी पडते. एरवी इतक्या अलीकडच्या वस्तूंना ती लावता येत नाही. परंतु १९५५ नंतरच्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण १९६३ च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झाले. त्यामुळे त्यापूर्वी वाढलेले व त्यानंतर वाढलेले लाकूड स्पष्टपणे वेगळे ओळखू येते. या परीक्षेला मर्यादा आहेत. जुन्या कपाटाच्या फळ्यांतून नवी चौकट करता येते. उलट मूळ गाडीची कुजलेली चौकट प्रामाणिकपणे नव्या लाकडाची केलेली असू शकते. प्रयोगशाळा वस्तूचे वय सांगते. त्या वस्तूचा गाडीशी असलेला संबंध ती सांगू शकत नाही.

‘ओल्ड नंबर वन’ चा दावा : वरील सर्व पुरावे हाती असूनही मूळ प्रश्न कसा शिल्लक राहतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बेंटली ‘स्पीड सिक्स’ प्रकारची ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने विख्यात असलेली गाडी. साडेसहा लिटरच्या सहा सिलिंडरी एंजिनाच्या या गाडीने फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत १९२९ मध्ये (चालक वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन) आणि पुन्हा १९३० मध्ये (बार्नाटो व ग्लेन किड्‌स्टन) जिंकली. नंतर तिच्यात मोठे फेरफार झाले. १९३२ मध्ये तिला आठ लिटरचे एंजिन बसविण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रूकलँड्‌स येथील ५०० मैलांच्या शर्यतीत ती उतरत्या धावपट्टीच्या कडेवरून बाहेर फेकली गेली व चालक क्लाइव्ह डन्फी मृत्यू पावला. त्यानंतर बार्नाटोसाठी ती बंद बाह्यांगाची, रस्त्यावर वापरण्याची गाडी म्हणून पुन्हा बांधण्यात आली. पुष्कळ वर्षांनंतरच्या मालकाने तिला शर्यतीच्या काळातील उघडे रूप पुन्हा दिले.

एप्रिल १९९० मध्ये, किंमती शिखरावर असताना, ही गाडी सु. एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला. पुढे खरेदीदार कंपनीने ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून करार पूर्ण करण्याचे नाकारले. १९२९ साली कारखान्यातून बाहेर पडलेले भाग आज तीत नाहीत, हा तिचा मुख्य मुद्दा होता. लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश ऑटन यांच्यापुढे याची सुनावणी झाली व जुलै १९९० मध्ये निकाल लागला.

वस्तुस्थितीच्या बाबतीत कंपनीचे म्हणणे पुष्कळसे खरे ठरले. १९२९ च्या गाडीपैकी, काळ ठरविता येणार नाही अशी काही किरकोळ जोडसाधने सोडल्यास, जवळजवळ काहीच उरले नव्हते. १९३० च्या गाडीपैकी गिअरपेटीचे आवरण, पायपट्ट्यांचा दंड, सुकाणूचा दांडा असे मोजकेच भाग असण्याचा संभव होता. चौकटही १९३२ च्या बांधणीतील होती. तेव्हा तिला ‘मूळ’ गाडी म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पण ती ‘पुनर्रचना’ही नव्हती, कारण सुट्या भागांतून ती कधी नव्याने उभारलेली नव्हती, ‘पुनरुज्जीवन’ही नव्हते, कारण ती कधी नष्टच झाली नव्हती. प्रत्येक टप्प्यावर असलेल्या गाडीत बदल होत होत ती आजच्या रूपास आली आणि १९२९ पासून तिचे सातत्य कोठेही खंडित झाले नाही. ही क्रमविकासाची स्थिती असून तीच गाडी ‘ओल्ड नंबर वन’ या नावास पात्र आहे, असा निर्णय विक्रेत्याच्या बाजूने लागला.

आपल्याकडे ‘अस्सल’ या एकाच शब्दाने आपण मूळ, खरी आणि अविकृत हे तिन्ही अर्थ भागवितो. या निकालाने ते तिन्ही वेगळे केले, हे त्याचे मोठे महत्त्व होय. गाडी मूळ द्रव्याची नसूनही खरी असू शकते. उलट, बहुतेक मूळ भाग असलेली पण दोन गाड्यांच्या अवशेषांतून जुळविलेली गाडी खरी नसू शकते. निकालावर टीकाही झाली. सातत्यावर एवढा भर दिल्यास दर वर्षी थोडे थोडे बदलून सर्वस्वी नवी गाडी जुन्या नावाने नांदू शकेल, हा आक्षेप निराधार नाही. त्याला उत्तर एवढेच की, ओल्ड नंबर वनमधील निर्णायक बदल शर्यतींच्या काळातच, शर्यतीसाठी व उघडपणे झाले होते आणि त्यांच्या नोंदी उपलब्ध होत्या. किंमत वाढल्यानंतर विक्रीसाठी केलेले बदल त्या पंक्तीत बसविता येत नाहीत.

प्रमाणपत्रे व सनदा : जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने (फिव्हा, स्थापना १९६६) केलेल्या ‘ट्यूरिन सनदे’त गाडीचे सर्व जीवन, म्हणजे नंतरचे बदलही, तिच्या इतिहासाचा भाग मानले असून नव्याने घातलेल्या भागांवर ओळखीची खूण करावी असे सुचविले आहे. आंतरराष्ट्रीय मोटार संघ (एफआयए) ऐतिहासिक शर्यतींसाठी जे तांत्रिक पारपत्र देतो, ते गाडीची रचना त्या काळाच्या नियमांनुसार आहे एवढेच सांगते. ते ओळखीचे प्रमाणपत्र नव्हे; तरी विक्रीच्या जाहिरातींत ते तसे मिरविलेले दिसते. फेरारीसारखे काही कारखाने स्वतःच सत्यतेची प्रमाणपत्रे देतात. त्यांच्याकडील मूळ नोंदी अमोल असल्या, तरी दुरुस्ती करणारा व प्रमाणपत्र देणारा एकच असणे हे दोष टाळणारे नाही. जॅग्वार कंपनीने तर १९६३ मध्ये राखून ठेवलेल्या, पण न वापरलेल्या क्रमांकांवर २०१४ पासून हलक्या ‘ई’ प्रकारच्या सहा गाड्या नव्याने बांधल्या. अर्जेंटिनातील पूर सांग हा कारखाना बुगाटीच्या ३५ प्रकाराच्या संपूर्ण प्रतिकृती बनवितो. अशा गाड्या उघडपणे प्रतिकृती म्हणून विकल्या जातात तोवर अडचण नाही. चौथ्या-पाचव्या मालकापर्यंत ही माहिती पोहोचेल याची मात्र हमी नसते.

भारत : भारतातील बहुतेक ख्यातनाम जुन्या गाड्या संस्थानिकांकडून आलेल्या आहेत. त्या काळी यंत्रभाग एका कारखान्यातून व बाह्यांग दुसऱ्याकडून घेण्याची रीत होती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी बनलेल्या ड्यूसेनबर्ग एसजे गाडीचे यंत्रभाग अमेरिकेतील, तर बाह्यांग लंडनच्या गर्नी नटिंग यांचे होते. अशा गाडीच्या पडताळणीत दोन्ही ठिकाणच्या नोंदी पाहाव्या लागतात. त्यांना संस्थानच्या दप्तराची जोड मिळाल्यास साखळी पुरी होते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीने विंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने तीस पात्र असून त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व नूतनीकरणाचे ५,००० रुपये असून प्रमाणपत्र दहा वर्षांसाठी असते. नेहमीच्या किंवा व्यापारी वापरास या वाहनांना परवानगी नाही. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे व त्यात लक्षणीय फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. घरगुती वापराच्या गाडीस ही अट योग्य आहे. पण शर्यतीसाठी चौकट व एंजिन बदललेली गाडी, मग ते बदल सत्तर वर्षांपूर्वीचे व पूर्णपणे नोंदलेले असले तरी, तीत सहजासहजी बसत नाही. ओल्ड नंबर वन या कसोटीस उतरली नसती. तेव्हा शोलावरम किंवा जुहू येथील धावपट्टीवर एके काळी धावलेल्या गाडीच्या मालकाने नोंदणीसाठी जाताना ते बदल केव्हा व कशासाठी झाले हे दाखविणारी त्या काळातील छायाचित्रे, निकालपत्रके व कार्यशाळेची बिले बरोबर नेणे इष्ट होय.